इमारतीचं पोट

अंकाई अपार्टमेंटमधलं शेवटचं जुनं कमोड फोडून खाली आणलं, त्या दिवशी हिरामण गोहेर सकाळपासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसले होते. एकेका घरातलं पांढरं भांडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडताना त्यांनी पाहिलं आणि शेवटचं पडल्यावर ते उठून वर गेले. सून शाळेतून आली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी चहा करून ठेवला होता. हिरामण एरवी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत, म्हणून त्या चहाचा अर्थ रजनीला न सांगता कळला.

रजनी मनमाडच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि अंकाई अपार्टमेंटच्या सोसायटीची अध्यक्ष होती. नवरा हृदयविकाराने अचानक गेल्यापासून घरात ती आणि सासरे, दोघंच. जुनी भांडी काढून पाणी वाचवणारी नवी बसवायची, ही गोष्ट तिने दोन वर्षं लावून धरली होती. घरोघरी जाऊन ती एकच हिशेब मांडायची. गावाला पंधरवड्यातून एकदा पाणी येतं, आणि माणूस दिवसभर पितो त्याच्या कितीतरी पट पाणी टाकीची कळ एकदा दाबली की गटारात जातं. लोक म्हणायचे, वास येईल, म्हाताऱ्यांना जमणार नाही, मध्येच बिघडलं तर काय. ती एकेक शंका घेऊन बसायची आणि ती मिटल्याशिवाय उठायची नाही. समोरच्या घरातली उर्मिला देवरे पहिल्यापासून तिच्या बाजूने होती. उर्मिला सोसायटीची खजिनदार. दोघींची मैत्री इतकी जुनी की एकीच्या घरचं विरजण संपलं तर दुसरीच्या घरातून न विचारता जायचं.

रजनीचं दुसरंही एक कारण होतं. ते ती सभेत सांगत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. हिरामणनी तरुणपणी डोक्यावरून मैल्याच्या टोपल्या वाहिल्या होत्या आणि पुढे गावातल्या सेप्टिक टाक्यांमध्ये उतरून त्या साफ केल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ मोतीराम अशाच एका टाकीत उतरला तो जिवंत वर आला नाही. नव्या व्यवस्थेत माणसाने उतरावं अशी टाकीच उरणार नव्हती.

नवं भांडं दिसायला साधं होतं. जादू होती ती आतल्या लेपाची. अळूच्या पानावर पाणी टाकलं तर पान ओलं होत नाही, थेंब घरंगळून जातो, कारण पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवरच तरंगत राहतो. लेपातही तसेच उंचवटे होते आणि त्यांच्या फटींत तेलासारखा एक पातळ थर कायमचा धरून ठेवलेला होता. त्यामुळे भांड्याला काही चिकटतच नसे. पेलाभर पाणी पुरे व्हायचं. बाकीचं काम हवेचं: झाकण लावलं की नळीतून एक जोरदार ओढ यायची आणि सगळं खाली जायचं. लोकांनी त्या भांड्याला लगेच ‘अळू’ म्हणायला सुरुवात केली.

खाली म्हणजे जिन्याखाली जमिनीत पुरलेल्या एका बंद टाकीत. तिला सगळे ‘पोट’ म्हणायचे, आणि तो शब्द अगदी बरोबर होता. आपल्या आतड्यात जसे कोट्यवधी जंतू असतात तसेच या टाकीत मुद्दाम वाढवलेले जंतू होते. त्यांना हवा चालत नसे. आलेलं सगळं खाऊन ते ज्वलनशील वायू सोडायचे आणि मागे जवळजवळ स्वच्छ पाणी ठेवायचे. ते पाणी गाळून पुन्हा त्याच पेल्यापुरतं वर चढायचं. वायूवर तळमजल्यावरचा एक भला मोठा बंब तापायचा आणि रोज सकाळी घरटी एक बादली कढत पाणी मिळायचं. अळूपेक्षा लोक त्या बादलीवरच जास्त खूश होते.

बघता बघता सरकारी योजनेतून गावातल्या बहुतेक इमारतींत अळू आलं. मग फ्लशसाठीच्या पाण्याच्या जोडण्या बंद झाल्या आणि जुन्या टाक्या मुरूम टाकून बुजवल्या गेल्या.

वर्षभराने हिरामणना खोकला लागला. आधी काढे झाले, मग साध्या गोळ्या झाल्या. वजन उतरत गेलं आणि संध्याकाळी अंग कोमट लागायला लागलं, तेव्हा रजनी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉ. तांबोळी नावाच्या शांत स्वभावाच्या बाई तिथे छातीचे आजार बघायच्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा क्षय आहे, आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या जातीचा आहे. बरा होतो, पण जास्त जोराचं औषध बरेच महिने, एकही दिवस न चुकवता घ्यावं लागतं. औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांत घरच्यांना, शेजाऱ्यांना धोका राहत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, घरात अळू आहे का.

रजनी हो म्हणाली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“औषधाचा बराच भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो, मॅडम. ते जंतू मारण्यासाठीच बनवलंय. फुप्फुसातला जंतू कुठला आणि तुमच्या टाकीतला कुठला, हे त्याला समजत नाही.”

चार दिवस घेतलेल्या तापाच्या गोळ्या पोट पचवतं, त्यांनी समजावलं, पण हे औषध महिनोन्‌महिने रोज पडत राहिलं तर जंतू मरतात आणि अख्खी इमारत बंद पडते. म्हणून अशा रुग्णाने अळू वापरायचं नाही, असा नियम योजनेत होता. त्याने मग जायचं कुठे, हे मात्र नियमात नव्हतं. रजनीने तो नियम वाचला होता. वाचताना तिच्या डोळ्यांपुढे कुणी माणूस आला नव्हता इतकंच.

डॉ. तांबोळी तिथेच थांबल्या नाहीत. अळू आल्यापासून मध्येच औषध सोडणारे रुग्ण वाढले होते. कुणी लाजेपायी शेजाऱ्यांना सांगत नसे आणि गुपचूप गोळ्या थांबवत असे. कुणाला घरची माणसं जुना संडास असलेल्या एखाद्या खेड्यात नातेवाइकांकडे ठेवून येत. त्यांतले किती परत आले, हे बाईंनी सांगितलं नाही आणि रजनीने विचारलं नाही. हिरामण शेजारी बसून सगळं ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंथरूण रिकामं होतं. रजनी खाली धावली. रेल्वेच्या रुळांपलीकडे बाभळीचं रान आहे, तिकडून हिरामण हातात प्लास्टिकची बाटली घेऊन भिंतीच्या आधाराने येताना तिला दिसले. पायजम्याला माती लागली होती आणि तळहात खरचटला होता. लहानपणी सगळं गाव तिकडेच जायचं, मला काय त्याचं नवल, असं म्हणत ते जिना चढायला लागले. अर्ध्या जिन्यात त्यांना बसावं लागलं. तिथे बसूनच त्यांनी मनात घोळवलेला बेत सांगितला. घरात एक झाकणाची बादली ठेवायची, वरून राख टाकायची आणि रोज त्यांनीच ती नेऊन रिकामी करायची.

“जन्मभर दुसऱ्यांचं उचललं पोरी,” ते म्हणाले. “आता स्वतःचं उचलायला कसली लाज?”

“लाज तुमची नाही, बाबा. पण या घरात टोपली येणार नाही. तुमच्या हातानंसुद्धा नाही.”

हिरामणनी खरचटलेला हात पायजम्याला पुसला. मग त्यांनी विचारलं की औषध घेऊच नये असं ती म्हणतेय का. रजनीने बाटलीत उरलेलं पाणी ओतून दिलं, वरून गोळ्यांचं पाकीट आणि स्वच्छ पाणी आणलं आणि पहिला डोस तिथे जिन्यातच दिला.

दवाखान्याच्या जुन्या इमारतीत अजून फ्लशचा एक संडास चालू होता. रजनी रोज दोनदा रिक्षा करून सासऱ्यांना तिथे न्यायला लागली. मधल्या वेळेत त्यांनी खाणंपिणं कमी केलं. तिने रागावून पाहिलं, पण ते घास मोजूनच घ्यायचे. एकदा रेल्वे फाटक पडलं, मालगाडी लांबलचक निघाली आणि रिक्षातच जे व्हायला नको ते झालं. रिक्षावाला भला माणूस, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्या संध्याकाळी हिरामणनी गोळीला तोंड उघडलं नाही. रजनीने ती त्यांच्या हातावर ठेवली आणि समोर बसून राहिली. गोळी गिळायला त्यांनी बराच वेळ लावला. ती तोवर हलली नाही. ते झोपल्यावर तिने सोसायटीच्या सगळ्यांना रविवारच्या सभेचा निरोप धाडला.

सभा गच्चीवर झाली. रजनीने आजाराचं नाव आडपडदा न ठेवता सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं आणि आता काय करायचं असं विचारलं. दोघींनी लहान मुलांना जवळ ओढलं, ते तिने पाहिलं. मग रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले खैरनारकाका बोलले. हिरामणबद्दल त्यांना खरी माया होती. दोघं रोज संध्याकाळी फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांबद्दल बोलायचे. काका म्हणाले, हिरामणला कुठेही पाठवायचं नाही. घरात डबा ठेवू आणि रोज तो नेऊन टाकायला एखादा माणूस लावू, त्याचे पैसे सगळे मिळून देऊ. चार-पाच माना हलल्या.

“कोण माणूस, काका?” रजनीने विचारलं.

“मिळेल की कुणीतरी.”

“मिळेल. त्याचं आडनाव काय असेल, तेवढं मला सांगा.”

खैरनारकाकांचा चेहरा इतका पडला की रजनीलाच वाईट वाटलं. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या निनादने एक उपाय सुचवला. तो रसायनांच्या कारखान्यात नोकरीला होता. पोटातल्या जंतूंना या औषधाची हळूहळू सवय लावता येईल, तो म्हणाला. आज कणभर, पुढच्या आठवड्यात दोन कण. जे मरतील ते मरतील, जे तगतील ते वाढतील आणि थोड्या महिन्यांत औषध पचवणारं पोट तयार होईल. सभेत एकदम जीव आला. रजनीलाही पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. दुसऱ्या दिवशी शाळेतून तिने पुण्याच्या ज्या संस्थेत हे जंतू तयार झाले होते, तिथल्या डॉ. अश्लेषा वैराळ यांना फोन लावला.

डॉ. वैराळ म्हणाल्या, होईल. नक्की होईल. आणि म्हणूनच करू नका. जंतू जे शिकतात ते स्वतःपाशी ठेवत नाहीत. औषधाला हरवण्याची युक्ती त्यांच्या शरीरात एका बारीकशा साखळीवर कोरलेली असते आणि त्या साखळीची नक्कल ते शेजारच्या वेगळ्याच जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. तुमच्या पोटातलं पाणी रोज सगळ्या घरांत फिरतं. गाळणीतून एखादाच निसटला तरी पुरे. आज टाकीत जे शिकवाल ते उद्या जखम चिघळवणाऱ्या, न्यूमोनिया करणाऱ्या जंतूपर्यंत पोचेल, आणि मग डॉक्टरांकडे द्यायला औषध उरणार नाही.

फोन ठेवल्यावर रजनी शाळेच्या प्रयोगशाळेत एकटीच बसून राहिली. तिने हे सांगितलं नसतं तर सोसायटीने निनादचा उपाय आनंदाने मान्य केला असता. बाबांची फरफट थांबली असती आणि पुढे कुठल्या घरात कुणाची जखम का भरली नाही, हे कुणालाही कळलं नसतं. नववीच्या वर्गाला ती हेच शिकवायची. मुली वहीत उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत बरोबर लिहायच्या. पण त्या धड्याचं ओझं आज पहिल्यांदा तिच्या अंगावर आलं होतं. पुढच्या सभेत तिने डॉ. वैराळ यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. निनाद विचार करून म्हणाला की त्या म्हणतात ते खरं आहे, आपल्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा उर्मिला बोलली. तिने रजनीकडे पाहिलं नाही. म्हणाली, मग आता एकच उरतं. हिरामणकाकांना जिथे सोय असेल तिथे हलवायचं. सगळेच तसं करतात.

रजनीला ते लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं.

फोनवर डॉ. वैराळ यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. संस्थेच्या मागच्या शेडमध्ये एक यंत्र धूळ खात पडलं होतं. त्याला त्या ‘भट्टी’ म्हणायच्या. त्यात जंतूच नव्हते. जाड पोलादाचा एक बंद हंडा, वर बैठक. आत पडलेलं सगळं त्याच्याच पाण्यासकट दाबाखाली तापवायचं, उकळत्या पाण्याच्या दुप्पट गरम. प्रेशर कुकरसारखंच, फक्त कितीतरी जास्त जोराचं. अर्ध्या तासात मैल्याचं काळ्या भुकटीत रूपांतर होतं, कोळशाच्या चुऱ्यासारखं. आजाराचा जंतू मरतो, औषधाचेही तुकडे तुकडे होतात. उरलेली ओंजळभर भुकटी कुंडीत टाकली तरी चालते. कुणाचा हात कशालाच लागत नाही. यंत्र नापास झालं होतं, कारण ते गॅस फार खायचं आणि दिसायला ओबडधोबड होतं. अंकाईच्या पोटात तयार होणारा जवळजवळ सगळा वायू भट्टीला द्यावा लागणार होता. म्हणजे सकाळची कढत बादली बंद. आणि थंडी तोंडावर आली होती.

हे सगळं रजनीने सभेपुढे मांडलं आणि हात वर करून मत घेतलं, तेव्हा दोन हातांनी भट्टी हरली. विरुद्ध पडलेल्या हातांत उर्मिलाचा हात होता.

रजनीने नाराजी दाखवली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ती एकेका घरी जायला लागली. घराघरातली भीती वेगळी होती. कुणाला वाटायचं, हवेतून लागण होईल. कुणाला वाटायचं, दाबाचं यंत्र फुटेल. एका घरातल्या आजींना फक्त गार पाण्याची धास्ती होती आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. रजनीने डॉ. तांबोळींना एका रविवारी बोलावून घेतलं. त्या तास दीड तास जिन्यात बसून बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. डॉ. वैराळ यांनी भट्टीची वाफ सोडणारी झडप उघडून मिटून फोनवर दाखवली. एकेक घर वळत होतं. समोरचं दार मात्र रजनीने शेवटी ठेवलं होतं.

त्या दिवशी ती गेली तेव्हा उर्मिला मेथी निवडत बसली होती. बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. रजनी समोर बसली आणि तीही मेथी निवडायला लागली. अर्धी जुडी झाल्यावर उर्मिला म्हणाली,

“केतकी सिन्नरला नोकरीसाठी नाही राहिलेली.”

केतकी उर्मिलाची एकुलती मुलगी. सिन्नरच्या एका कंपनीत लागली म्हणून मामाकडे राहते, असं सगळ्यांना माहीत होतं. रजनीने हातातली काडी खाली ठेवली.

“तिला पण हेच निघालं. मामाच्या शेतावर जुना संडास आहे म्हणून तिथं ठेवलंय. एकटी असते दिवसभर. रोज फोनवर विचारते, आई, येऊ का गं.” उर्मिलाचा आवाज तसाच कोरडा होता. “तू भट्टी आणलीस, काका इथेच राहून बरे झाले, तर मी माझ्या पोरीला उगाचच लांब ठेवलं असं होईल ना, रजनी. म्हणून मी विरुद्ध हात वर केला. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.”

समजूत घालावी असं रजनीला वाटलं, पण ती घातली असती तर उर्मिलाने ती ऐकली नसती. तिने एवढंच विचारलं की केतकी गोळ्या वेळेवर घेते का आणि तिचं वजन वाढतंय का. उर्मिला म्हणाली, दोन्हीचं उत्तर नाही.

“तिला घेऊन ये.”

“आणि लोकांना कळलं तर? उद्या तिचं लग्न करायचंय मला. जी भट्टीवर जाईल ती आजारी, हे शेंबडं पोरही सांगेल.”

हंडा, झडप, वायू, दाब, सगळ्याचा रजनीने विचार केला होता, याचा केला नव्हता. तसं तिने कबूल केलं आणि ती घरी आली.

पुढच्या सभेत उर्मिला आधी उठली. ती म्हणाली, माझं मत भट्टीच्या बाजूने धरा, पण माझी एक अट आहे. भट्टी कुणा एकाच्या घरात बसवायची नाही. तळमजल्यावर मीटरच्या खोलीशेजारी बसवायची आणि सोसायटीतल्या प्रत्येकाने, धडधाकट असला तरी, अधूनमधून तिथे जायचं. का, ते तिने सांगितलं नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं की घरात चांगलं अळू असताना खाली कशाला उतरायचं. तेव्हा खैरनारकाका म्हणाले, पहिला मी जाईन, माझे गुडघे तसेही मला वर चढू देत नाहीत, जाता येता सोयीचं पडेल. गच्चीवर बऱ्याच दिवसांनी हसू फुटलं. हात मोजायची गरज पडली नाही.

भट्टी पुण्याहून टेम्पोतून आली. ती खरोखरच ओबडधोबड होती. चालू झाली की मोठी मधमाशी कोंडल्यासारखी घूं घूं करायची. जानेवारीत सकाळी सकाळी प्रत्येक न्हाणीघरातून गार पाण्याच्या पहिल्या तांब्याबरोबर निघणारे आवाज अख्ख्या जिन्यात ऐकू यायचे. निनाद मोठ्याने गाणी म्हणायचा. त्या आजींना सून चुलीवर पाणी तापवून द्यायची. कुरकुर होतीच. एका कुटुंबाने घर विकायचं बोलून दाखवलं, पण विकलं नाही.

पहिल्या दिवशी हिरामण भट्टीच्या खोलीतून बाहेर आले आणि दार लोटून तिथेच थांबले. आत घूं घूं सुरू झाली. ती थांबेपर्यंत ते उभे होते. मग त्यांनी रजनीला विचारलं की आता हे कुणाला साफ करावं लागेल. कुणालाच नाही, ती म्हणाली. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तिने तेच उत्तर पुन्हा दिलं. त्या दुपारी ते पोटभर जेवले.

केतकी फेब्रुवारीत आली, सुट्टीवर आल्यासारखी खांद्याला बॅग लावून. कुणी काही विचारलं नाही. तिच्या गालांची हाडं वर आली होती. खालच्या बाकावर ती आणि हिरामण कधी कधी एकाच वेळी वाट बघत बसायचे, दोघांत खैरनारकाका किंवा निनादची बायको. हिरामण तिला विचारायचे, आज काय खाल्लंस पोरी. ती काहीही सांगायची आणि ते म्हणायचे, कमी आहे, अजून खा. उर्मिलाने रजनीला नंतर एकदा सांगितलं की आपण आता घरी फोन वाजला की दचकत नाही. दोघींमध्ये त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. पण विरजण पुन्हा न विचारता जायला लागलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिरामणच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. औषध अजून बरेच महिने चालायचं होतं आणि ते रोज स्वतःच्या हाताने गोळी घ्यायचे. तोवर गावात बातमी फिरली होती. डॉ. तांबोळींनी दुसऱ्या इमारतींतल्या माणसांना अंकाईत पाठवायला सुरुवात केली. माणसं येऊन भट्टी बघायची, रजनीला सभेला बोलवायची, आणि ती जायची. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी डबा आणि माणूस लावण्याची गोष्ट काढायचं. ती प्रत्येक ठिकाणी आडनाव विचारायची. तीन इमारतींनी भट्टी मागितली तेव्हा योजनेच्या कार्यालयातून एक तरुण अधिकारी पाहणीसाठी आला.

त्याने हंडा तपासला, झडप तपासली, भुकटी हातात घेऊन पाहिली. काम चांगलं आहे, म्हणाला. मग त्याने गॅसचं मीटर पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तुमच्याकडे रुग्ण किती, त्याने विचारलं. रजनी म्हणाली, माहीत नाही.

“पण हा वापर दोन-चार रुग्णांचा नाही दिसत. धडधाकट माणसंही वापरतात की काय?”

“वापरतात. आमचा नियमच आहे तसा.”

तो समजावणीच्या सुरात म्हणाला की यात गॅस वाया जातो, आणि शिवाय सगळेच वापरायला लागले तर नेमकं आजारी कोण आहे हे बाहेरच्याला कळणार कसं.

“कळू नये म्हणूनच,” रजनी म्हणाली. “भट्टी सगळ्यांना द्याल तेव्हा हा नियमसुद्धा द्या. त्याच्याशिवाय देऊ नका.”

अधिकारी काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात भट्टीच्या खोलीचं दार उघडलं. खैरनारकाका बाहेर आले, बाकावर ठेवलेली भाजीची पिशवी त्यांनी उचलली, पाहुण्याला मान लवून नमस्कार केला आणि सावकाश फाटकाकडे चालू लागले.